मैत्री मंडळीच्या भिंतींबाहेरही हवी

विदर्भातल्या आमच्यासारख्या लहान गावांत ख्रिस्ती घरे बोटांवर मोजण्याइतकीच असतात, आणि रविवारच्या उपासनेसाठी अनेक कुटुंबांना तालुक्याच्या ठिकाणी जावे लागते. अशा गावांत वाढणाऱ्या मुलामुलींना घरातून हमखास एक सल्ला मिळतो, की जिवाभावाचे मित्र शक्यतो मंडळीतलेच, म्हणजे आपल्या चर्चमधलेच, असावेत. तो काळजीपोटी दिला जातो हे मी जाणतो. तरीही ख्रिस्ताच्या शिकवणीशी तो जुळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

या सल्ल्याला बायबलमधील, प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सहाव्या अध्यायाचा आधार दिला जातो. विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड संबंध जोडू नका, असे पौल तेथे सांगतो, हे खरेच आहे. पण पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तोच पौल म्हणतो, की जगातील लोकांशी संबंधच टाळायचा ठरवला तर जगातूनच निघून जावे लागेल. आणि दहाव्या अध्यायात, विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावले व जावेसे वाटले तर पुढे वाढलेले खावे, असे तो सांगतो. स्वतः येशूने शोमरोनी स्त्रीकडे विहिरीवर पाणी मागितले, तेव्हा यहुदी आणि शोमरोनी यांच्यात व्यवहार नव्हता. कोणी कोणत्या विहिरीवर पाणी भरावे हे जिथे पिढ्यान्‌पिढ्या जातीने ठरवले, त्या आपल्या गावांना या प्रसंगाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये.

माझ्या मते आपल्या विश्वासाने मित्र निवडण्याचे जेवढे नियम दिले आहेत, त्याहून कितीतरी अधिक मैत्री निभावण्याचे दिले आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशू सांगतो, की भावाने अपराध केला तर आधी त्याच्याकडे एकट्याने जाऊन बोलावे. तेवढ्याने भागले नाही तरच एकदोघांना बरोबर न्यावे, आणि मंडळीपुढे विषय त्यानंतर आणावा. गावात नेमका उलटा क्रम चालतो. धुऱ्यावरून दोन शेजाऱ्यांचे बिनसले, किंवा उसने नेलेले स्प्रे पंप वेळेवर परत आले नाही, की पहिली वाच्यता पानठेल्यावर होते, मग सोयऱ्यांत, आणि ज्याच्याविषयी बोलणे चालते त्याला ते सर्वांत शेवटी कळते. आपल्या मंडळ्याही याला अपवाद नाहीत, आणि प्रार्थनेचा विषय म्हणून दुसऱ्याच्या घरातील भांडण सर्वांसमोर मांडणे मला तितकेच चुकीचे वाटते. समोरच्या माणसाच्या ओसरीवर जाऊन, इतर कोणी ऐकत नसताना, मनात काय सलते ते सांगणे फार कठीण असते. पण जो हे करतो त्याच्या मैत्रीवर गाव विश्वास ठेवते, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

मैत्रीमागे दुसरा हेतू असू नये, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. मित्राने विचारले तर आपल्या विश्वासाविषयी मोकळेपणाने सांगावे, परंतु त्याला पुढेमागे मंडळीत आणता येईल एवढ्यासाठीच त्याच्या आजारपणात धावून जाणे ही मैत्री नव्हे, आणि समोरच्याला ते कळतेही. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम सांभाळणारे जे. सी. कुमारप्पा श्रद्धेने ख्रिस्ती होते. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या या संघात त्यांनी गांधीजींबरोबर वर्षानुवर्षे काम केले, आणि दोघांपैकी कोणालाही त्यासाठी आपला धर्म सोडावा लागला नाही. ही आपल्याच मातीतली गोष्ट मंडळीच्या तरुणांना क्वचितच सांगितली जाते.

लग्नाचा प्रश्न वेगळा आहे. आयुष्यभराच्या जोडीदाराबाबत एकच विश्वास असावा असे पालकांना वाटले तर त्यात गैर काही नाही. मात्र त्याच भीतीने मुलींच्या साध्या मैत्रिणींवरही बंधने येतात, आणि मुलग्यांना मिळणारी मोकळीक त्यांना मिळत नाही, हे मला पटत नाही. नाताळला शेजारची मैत्रीण आपल्या घरी जेवायला यावी असे वाटत असेल, तर तान्ह्या पोळ्याला तिच्या दारी जाण्याची परवानगी आपल्या मुलीलाही द्यायला हवी, आणि येत्या पोळ्यापासूनच द्यायला हवी.