‘स्टेजवर वरात’ म्हणणाऱ्या वाचकाला

‘एक वाचक’ यांस,

तीन दिवस उत्तर लिहिलं नाही. पहिल्याच रात्री लिहिलं असतं तर शब्द आवरले नसते.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लेख दहा-पंधरा-वीस जणांच्या इंडी, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांबाहेर राहून वाजवणाऱ्या, रॉक बँडांवर होता आणि माझं म्हणणं होतं की इतकी माणसं स्टेजवर असण्याने संगीताचं भलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया अशी: ‘स्टेजवर पंधरा माणसं म्हणजे वरात. त्यातल्या निम्म्यांचा आवाज ऐकूही येत नाही, ती नुसती दिसायला असतात. प्रवासखर्चात आणि साउंडचेकमध्ये असे बँड बुडतात. उघडे माईक वाढले की स्पीकरमधल्या शिट्या वाढतात. लेखकाने कधी स्टेजवर पाय ठेवला असेल असं वाटत नाही.’

आधी माझी चूक. ब्रोकन सोशल सीन ‘नेहमी 19 जणांनिशी’ वाजवतो असं मी लिहिलं होतं, ते बरोबर नाही. टोरंटोच्या या बँडची संख्या सहापासून 19 पर्यंत खालीवर होत आली आहे, कारण त्यातल्या फाइस्ट, एमिली हेन्स, एमी मिलन या गायिकांची स्वतःची कामं आणि स्वतःचे बँड आहेत. ज्या रात्री जो मोकळा असेल तो स्टेजवर. लेखात दुरुस्ती केली आहे. ही चूक तुम्ही दाखवली नव्हतीत, उत्तर लिहायला बसलो तेव्हा मलाच दिसली. तरी तुमच्या निमित्ताने दिसली म्हणून आभार.

आता ‘वरात’. हा शब्द तुम्ही हिणवायला वापरलात. मुद्द्यासाठी ‘गर्दी’ पुरेसा होता. मी बडोद्यात दांडिया बाजारात वाढलो. देवउठी एकादशीला मांडवीच्या विठ्ठलमंदिरातून निघणारा वरघोडा, म्हणजे देवाची मिरवणूक, आजोबांचं बोट धरून पाहिला आहे. अरुंद रस्त्यात बँड शिरला की एकच ओळ चार क्लॅरिनेटवाले वाजवायचे आणि चौघांचा सूर काही तंतोतंत एक नसायचा. त्या फरकामुळेच तो आवाज दोन्ही बाजूंच्या घरांमध्ये भरून राहायचा. मला संगीताची गोडी तिथे लागली, शाळेत नाही आणि रेडिओवर तर नाहीच. तेव्हा वरात हा शब्द तुम्ही शिवी म्हणून फेकलात तर तो मला शिवी म्हणून लागत नाही. लागतं ते एवढंच की पंधरा माणसांच्या मेहनतीला शिवी द्यावी असं तुम्हाला वाटलं.

‘निम्म्यांचा आवाज ऐकूही येत नाही.’ हे वाक्य मी किती वेळा वाचलं सांगता येणार नाही.

भजनाला वीस टाळकरी उभे राहतात. त्यातल्या सातव्याचा टाळ तुम्हाला वेगळा ऐकू येतो? मलाही येत नाही. पण पंधरा जणांना खाली बसवा आणि तोच अभंग पाच टाळांवर म्हणून बघा. ठोका टोचायला लागतो. वीस टाळ एका क्षणी पडत नाहीत, केसभर मागेपुढे पडतात, म्हणून ठोक्याची धार जाते आणि त्याला रुंदी येते. ती रुंदी कोणा एकाची नाही, म्हणून ती कोणा एकात शोधायला गेलात तर सापडणार नाही. सातवा टाळकरी ‘ऐकू येत नाही’ म्हणून त्याला घरी पाठवा, मग आठव्याला, मग नवव्याला. कितव्या माणसानंतर भजन पातळ झालं हे सांगता येणार नाही, पण झालेलं असेल.

आणि हे भावनेचं बोलणं आहे असं म्हणून बाजूला सारू नका. सारख्याच जोराने वाजणारी दहा व्हायोलिनं एकत्र आली तर आवाजाची पातळी एका व्हायोलिनपेक्षा फक्त 10 डेसिबलने वाढते आणि माणसाच्या कानाला ती वाढ साधारण दुप्पट वाटते. माणसं दहापट, मोठेपणा दुप्पट. म्हणजे नुसता आवाज वाढवायचा असेल तर माणसं जमवणं हा मूर्खपणाच आहे, त्यासाठी अॅम्प्लिफायरचं बटण आहे. माणसं जमवतात ती आवाजाचा पोत बदलण्यासाठी. एकट्या गिटारवाल्याला हा पोत हवा असतो तेव्हा तो एक पेडल विकत घेतो. ते पेडल त्याच्याच सुराची प्रत किंचित उशिराने आणि सूर जरासा हलवून मूळ सुरात मिसळतं. त्या पेडलचं नाव काय? कोरस. ज्यांचा आवाज ‘ऐकू येत नाही’ म्हणता, त्यांचं खोटं रूप बाजारात पैसे देऊन विकत मिळतं.

ब्रोकन सोशल सीनचाच इतिहास बघा. केविन ड्रू आणि ब्रेंडन कॅनिंग या दोघांनी 1999 मध्ये सुरुवात केली. 2001 चा पहिला अल्बम बराचसा शब्दांवाचूनचा, संथ, तरंगता. स्टेजवर तो दोघांना पेलेना, म्हणून मित्रांना बोलावलं. आधी गर्दी जमवू आणि मग तिला काम शोधू, असा प्रकार नव्हता. 2002 चा पुढचा अल्बम, ‘यू फरगॉट इट इन पीपल’, ऐकलात की कळतं की त्या मित्रांमुळे काय बदललं. अनेक गिटारी असूनही प्रत्येकाची ओळ लहान आहे. कोणालाच एकट्याने गाणं ओढून न्यायचं नाहीये.

मूळ लेखात हे नीट मांडायचं राहून गेलं होतं. स्टेजवर माणसं वाढली की प्रत्येकाला गप्प राहायची मुभा मिळते. चौघांच्या बँडमध्ये गिटारवाला चार ओळी थांबला तर गाण्याला भोक पडतं, म्हणून तो थांबत नाही, आणि सतत वाजवणाऱ्या माणसाच्या वाजवण्याला किंमत राहत नाही. गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर हा माँट्रियलचा बँड बघा, 1994 पासूनचा. तीन गिटारी, दोन बेस, दोन ड्रमर, एक व्हायोलिन. मंद उजेडात वाजवतात, मागे पडद्यावर 16 मिमीच्या चित्रफिती फिरतात, चेहरे नीट दिसत नाहीत. ‘नुसती दिसायला’ असलेली माणसं अंधारात कशाला बसतील? कितीतरी वेळ तिथे दोघं-तिघंच वाजवतात आणि बाकीचे वाट बघतात. दहा मिनिटांनी दोन्ही ड्रमर एकत्र उतरतात तेव्हा अंगावर काटा येतो, तो त्या थांबण्यामुळे.

पॉलिफोनिक स्प्रीचं उदाहरण तुम्ही दिलं नाहीत, पण कोणीतरी देईल. डॅलसचा बँड, 2000 सालचा, दोन डझनांच्या आसपास माणसं, सगळ्यांच्या अंगात झगे. दिसण्यावर त्यांचा भर आहे, मान्य. पण तिथेही पाठीमागे अख्खा गायकवृंद आहे, आणि तो काढला तर टिम डीलॉटरच्या गाण्यात उरतं ते नुसतं एका माणसाचं गाणं. आपल्याकडे केरळचा थैक्कुडम ब्रिज ऐका. गायकच इतके, की एकाच कार्यक्रमात गळा बदलत राहतो आणि कान थकत नाही.

प्रवासखर्च, साउंडचेक आणि शिट्या यांबद्दल जे लिहिलंत ते हिशेबाचं आणि साउंडवाल्याच्या कामाचं आहे. माझा लेख कानाबद्दल होता. त्यावर इथे बोलणार नाही.

राहिलं तुमचं शेवटचं वाक्य. खरं तर त्याला उत्तर द्यायची गरज नव्हती, पण देतो, कारण तुम्ही न विचारता ठरवून टाकलंत. बडोद्याच्या सूरसागर तलावासमोर जे म्युझिक कॉलेज आहे, 1886 साली गायक मौलाबक्षांच्या गायनशाळेपासून चालत आलेलं, तिथे मी व्हायोलिन शिकलो. त्यानंतर सहा नवरात्रं गरब्याच्या ऑर्केस्ट्रात होतो, आधी व्हायोलिनवर आणि मग कोरसमध्ये. पहिल्या वर्षी आम्ही 18 जण होतो. गरबा तास-दीड तास न थांबता चालतो. हींचचा ठेका सुरू झाला की खेळणाऱ्यांच्या पावलांपुढे गायकाला थांबता येत नाही. आम्ही आठ जण कोरसला. श्वास आळीपाळीने घ्यायचो, शेजारच्याचा संपत आला की आपला भरलेला असला पाहिजे. ओळ तुटायची नाही. खाली हजारो माणसांपैकी एकालाही माझा आवाज वेगळा ऐकू आला नसेल. मी तिथे नुसता दिसायला होतो का?

पाचव्या वर्षी आयोजकांनी तुमचाच हिशेब मांडला: इतक्यांना पैसे कशाला, निम्म्यांचा तर आवाजही येत नाही. आमचा कोरस एकदा रेकॉर्ड करून घेतला आणि ट्रॅकवर टाकला. वाजवणारे सात राहिले, मी त्यांत पुन्हा व्हायोलिन घेऊन उभा. तिसऱ्या रात्री मैदान रंगात आलेलं बघून गायकाने एक ओळ लांबवली, पुन्हा घेतली, पुन्हा घेतली. पूर्वी आम्ही त्याच्या हाताकडे बघून मागोमाग गेलो असतो. ट्रॅक गेला नाही. तो ठरल्या जागी पुढच्या अंतऱ्यात शिरला आणि हात वर केलेला गायक एकटा पडला. स्पीकरमधून येणाऱ्या त्या आठ आवाजांत माझाही होता आणि मला तो थांबवता येत नव्हता. खेळणाऱ्यांची पावलं चुकली, आतल्या गोलातल्या बायका थांबून वर बघायला लागल्या. पुढच्या वर्षीही गेलो, कारण पैशांची गरज होती. त्यानंतर सोडलं.

म्हणून पंधरा माणसं स्टेजवर बघून तुम्ही ‘वरात’ म्हणालात तेव्हा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. संख्येची दुरुस्ती सोडली तर लेखातला एकही शब्द बदललेला नाही. तुमची प्रतिक्रियाही जागेवर आहे, काढणार नाही. पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण स्वतःच्या नावाने लिहा, आणि त्याआधी तो 2002 चा अल्बम हेडफोन लावून एकदा पूर्ण ऐका.