भोक सारखं हाये ना, मंग?

मे महिन्यात नागपूरच्या पाऱ्याने पंचेचाळिशी गाठली की गाडीतला 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा लागतो आणि पाठोपाठ सल्ले देणारे मागे लागतात. मेकॅनिक स्कॅनर जोडतो, पी-०३२५ हा बिघाडाचा कोड वाचतो आणि नॉक सेन्सर, म्हणजे इंजिनातला खणखणाट टिपणारा भाग, गेल्याचं जाहीर करतो. कंपनीचा घ्यावा तर खिसा दुखतो. मग पावलं जुन्या मालाच्या दुकानाकडे वळतात. तिथे घमेल्यातून एक सेन्सर उचलून, तो पेन्सिलीत अडकवून गरगर फिरवत दुकानदार विचारतो, "भोक सारखं हाये ना भाऊ? मंग? लागून जाते!"

लागून जातेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आठ मिलिमीटरचा बोल्ट कितीतरी गाड्यांच्या इंजिन ब्लॉकवर चालतो. पण लागल्यावर सेन्सर ऐकतो काय आणि सांगतो कोणाला, हे पेन्सिलीला कळत नाही.

ठिणगी पडल्यावर सिलिंडरमधलं मिश्रण एका बाजूने शिस्तीत जळत जायला हवं. गरम हवा, कमी ऑक्टेनचं पेट्रोल, साचलेला कार्बन किंवा अॅव्हरेज वाचवायच्या नादात वर्धा रोडचा उड्डाणपूल चौथ्या गियरमध्ये रेटणं, यातलं काहीही झालं की कोपऱ्यात उरलेलं मिश्रण ज्वाळेची वाट न पाहता स्वतःच भडकतं. त्या दणक्याने सिलिंडर खणखणतो, तोच नॉक. खणखणाटाचा सूर बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीच्या, व्यासावर ठरतो: ७० मिलिमीटरला साधारण ८ किलोहर्ट्झ, ८६ला साडेसहाच्या आसपास. बोअर मोठा तसा आवाज जाड.

सेन्सर म्हणजे ब्लॉकला चिकटवलेला कान. आत पिझो सिरॅमिकची चकती, तिच्यावर वजनाची कडी आणि ती दाबून धरणारी स्प्रिंग. ब्लॉक थरथरला की वजन चकतीला दाबतं आणि चकती मिलिव्होल्टमध्ये वीज सोडते. दाबाने वीज निघते हे क्युरी बंधूंनी १८८० सालीच दाखवलं होतं. त्या विजेचा अर्थ लावायचं काम मात्र ईसीयूचं, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचं. पिस्टन वरून खाली निघाल्यावरच्या ठराविक अंशांतच तो ऐकतो, आपल्या इंजिनाचा सूर गाळून घेतो, नॉक वाटला तर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, दोन-तीन अंश मागे ओढतो आणि मग जपून हळूहळू पूर्ववत आणतो. सेन्सरचं ऐकूच येईनासं झालं की धोका नको म्हणून टायमिंग कायमच मागे ठेवतो. गाडी पिकअप घेत नाही ती यामुळे, आणि आपण पंपवाल्याला शिव्या घालतो.

आता अदलाबदलीचं. एक जात थेट ब्लॉकमध्ये आट्यांवर बसते. ती आतूनच एका सुराला जुळवलेली असते, त्यामुळे दुसऱ्या बोअरच्या इंजिनावर ती ठणठणीत बहिरी. दुसरी मधे भोक असलेली, चपटी. ती सगळेच सूर सारखे पोचवते आणि गाळायचं काम ईसीयूवर सोडते. या दोन जातींची सोयरीक जमत नाही. चपट्यातला चपटा बदलायला वाव आहे, पण प्लग, वायरची लांबी आणि मिलिव्होल्टचा जोर जुळायला हवा. शिवाय काही सेन्सरमध्ये एक रेझिस्टर दडलेला असतो. टोयोटाच्या बऱ्याच चपट्या सेन्सरमध्ये तो २०० किलोओमच्या आसपास असतो. त्यावरून ईसीयू वायर शाबूत आहे का ते बघतो. रेझिस्टर नसलेला सेन्सर बसवला, की सेन्सर धडधाकट असूनही ईसीयू वायर तुटली असंच समजतो. म्हणून मी भोक मोजणाऱ्यापेक्षा पार्ट नंबर वाचणाऱ्याला मानतो. तोच नंबर दुसऱ्या कंपनीच्या गाडीत निघाला, तर खुशाल घ्या.

आणि बसवणं! "हात टाईट कर बे" हा आपला राष्ट्रीय टॉर्क. चपट्या सेन्सरला साधारण २० न्यूटन-मीटर लागतात. ढिला राहिला तर थरथर पोचत नाही. लांब पाइप घालून आवळला तर दाब बिघडतो नाहीतर सिरॅमिक तडकतं. खाली वॉशर घालायचा नाही, आट्यांना डिंक लावायचा नाही. ब्लॉकवरचा गंज आणि रंग खरवडून धातूला धातू भिडवायचा. सेन्सर फरशीवर पडला असेल तर बाहेरून चकचकीत दिसला तरी भरवसा ठेवू नये. घमेल्यात रोज किती आपटतात ते दुकानदारच जाणे.

त्याआधी, खरं तर सेन्सर विकत घ्यायच्याही आधी, वायर बघावी. सिग्नल इतका नाजूक की वायरीला जाळीचं कवच लागतं, आणि रात्री बॉनेटखाली मुक्कामाला येणाऱ्या उंदरांना नेमकं तेच आवडतं. प्लगमधली हिरवी बुरशी, कुरतडलेलं कवच, सुटलेलं अर्थिंग, ढिला बोल्ट. हे सगळं पाहून झाल्यावर सेन्सरवर आळ घ्यावा. मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून काढलेल्या सेन्सरला पान्याने हलकं टिचकावलं तर आकडा उसळतो. उसळला म्हणजे जिवंत आहे, एवढंच कळतं. तुमच्या ईसीयूशी त्याचं जमेल की नाही, ते नाही.

दुकानदाराचा पोरगा मात्र तेवढंही बघत नाही. सेन्सर बसवतो, स्कॅनरने कोड पुसतो, दिवा विझल्याचं दाखवून पैसे घेतो. ईसीयू बऱ्याचदा तोच बिघाड दुसऱ्या फेरीतही दिसल्याशिवाय दिवा लावत नाही, म्हणजे तो लागायचा तेव्हा तुम्ही बुटीबोरी ओलांडलेली असते.