नाही न म्हणता नाही कसं म्हणावं

मुख्याध्यापक झालात, अभिनंदन! शाळा खानापुरात असो, निपाणीत असो की बेळगावच्या एखाद्या गल्लीत, शाळा सुरू झाली की एक आई आठ वर्षांचा पोरगा कडेवर घेऊन दारात उभी राहणारच. तिला ‘नाही’ म्हणायचं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ती सोय ठेवलेली नाही. पण ‘नाळे बर्री’, म्हणजे ‘उद्या या’, म्हणायला कुठलं कलम आडवं येतंय?

आधी कागद मागा. मराठीत असला तर कन्नडात आणा म्हणा. कन्नडात असला तर सही कुठं करायची हे विचारायलाच तिची एक फेरी होते. सीमाप्रश्न १९५६ पासून भिजत पडलाय, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा. वयाचा दाखला नसला तरी प्रवेश अडवता येत नाही, तारीख उलटली तरी नाही. ही कलमं स्टाफरूममध्येसुद्धा मोठ्यानं वाचू नयेत.

रॅम्प मात्र हवाच, फोटोला लागतो. आमचा बघायला या. चढ गुळगुळीत, कठडा पिवळा, आणि वर पोचल्यावर वीतभर उंचीची पायरी. त्या पायरीला टेकून सहशिक्षकांची मोटारसायकल, कारण सावली तेवढीच. दिव्यांगांच्या संडासात बिसीऊटाच्या, म्हणजे दुपारच्या शाळेतल्या जेवणाच्या, तांदळाची पोती. किल्ली स्वयंपाकाच्या मावशींकडं, आणि मावशी वाढून झालं की घरी.

विशेष शिक्षकाचं विचारलं तर सुप्रीम कोर्टाचाच आधार घ्या. २०२१ साली कोर्टानं प्रमाण ठरवा म्हणून सांगितलं, आणि २०२२ साली केंद्रानं ठरवलं, प्राथमिकला अशा दहा मुलांमागं एक विशेष शिक्षक, पुढच्या वर्गांना पंधरामागं एक. तुमच्याकडं मूल एकच. ‘बाई, आणखी नऊ घेऊन या की!’

एवढ्यानंही हलली नाही तर मायेनं बोला. ‘लेकराला कशाला हाल, मास्तरच घरी येतील.’ २०१२ च्या दुरुस्तीनं घरी शिकायची मुभा दिली, ती बहुविध किंवा तीव्र अपंगत्वाच्या मुलांना, आणि तीही हक्क म्हणून. तुम्ही ती सगळ्यांनाच सल्ला म्हणून वाटा. नाव हजेरीपटावर राहतं, पोरगा ओसरीवर. मास्तर किती वेळा गेले हे ओसरीच जाणे.

फक्त एक पथ्य पाळा, लेखी काही देऊ नका. दिव्यांग हक्क कायदा मोडला तर पहिल्या खेपेला दहा हजारांपर्यंत दंड आहे, आणि तो खिचडीच्या हिशेबात बसवता येत नाही.

परवा एक बाई अशाच आल्या होत्या, चौथ्यांदा. पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, पदरानं त्याची लाळ पुसली आणि म्हणाल्या, ‘सर, घेत न्हाई म्हणून तेवढं लिहून द्या की. मी जाते मग.’

मी चहा मागवला. बाई चहा पीत नाहीत. अजून बसूनच आहेत.