नागपूर दर्शन: उजवीकडची खिडकी पकडा

नागपूर बघायचं तर मे महिन्यातच या. पारा ४५ च्या पुढे सरकल्याशिवाय शहराचा खरा स्वभाव कळत नाही, शिवाय संत्र्यांपायी वेळ वाया जात नाही. आंबिया बहार हिवाळ्याच्या तोंडावर संपतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये. मेमध्ये उरते ती संत्रा बर्फी. ती सकाळच्या पहिल्याच दुकानात किलोभर घ्या आणि बसच्या वरच्या फळीवर ठेवा. संध्याकाळी चमच्याने खाता येते.

वार सोमवार निवडा. अजब बंगला त्या दिवशी बंद असतो, पण गाईडचं पाठांतर बंद नसतं. १८६३ सालापासूनचा संग्रहालयाचा इतिहास तो फाटकाबाहेर उभं करून ऐकवतो.

तारीख ठरवताना सीताबर्डीचा किल्लाही लक्षात घ्या. तो लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच लोकांसाठी उघडतो. तुम्ही २ मेला पोचा. मग १८१७ च्या नोव्हेंबरातली आप्पासाहेब भोसले आणि इंग्रजांची लढाई खालच्या रस्त्यावरून, मान वर करून, ट्रॅफिकच्या आवाजात समजून घ्यायला मिळते. “तो बुरूज दिसून राह्यला का भाऊ?” दिसत नसला तरी हो म्हणा. नाही म्हणालात तर लढाई पहिल्यापासून सुरू होते.

झिरो माईल, म्हणजे देशाचा मध्य समजली जाणारी जागा. तिथे चार घोडे आणि एक खांब. हे बघायला दोन मिनिटं पुरतात. पण तिथल्या दगडावर गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत आणि गाईड ती सगळी वाचतो. हैदराबाद ३१८ आलं की हळूच विचारा, “किलोमीटरमध्ये किती?” तो हिशेब चालू असतानाच दुसरा प्रश्न टाका: “फाळणीनंतर देशाचा मध्य सरकला नसेल का?” आता बसमधले तीन काका वादात उतरतात आणि अर्धा तास कुठेही जात नाही. दीक्षाभूमीवर मात्र असले उद्योग करू नका. १४ ऑक्टोबर १९५६ ला काय घडलं ते ठाऊक असेल तर गाईडची गरज पडत नाही; नसेल तर गप्प बसून ऐका.

सहल लांबते ती मात्र गाईडमुळे नव्हे, “फक्त दहा मिनिटं बरं का” या वाक्यामुळे. पस्तीस माणसं, आठ थांबे, आणि प्रत्येक थांब्यावर कुणी तरी एक जण पंधरा मिनिटं उशिरा. झाले दोन तास. दर वेळी एकच माणूस उशीर करता तर लोकांनी त्याला दुसऱ्याच थांब्यावर सरळ केलं असतं. पाळ्या वाटून घेतल्यामुळे कुणाला बोलता येत नाही. तेवढ्यात ड्रायव्हरने इंजिन बंद केलेलं असतं, त्याबरोबर एसीही. पत्र्याचा डबा तापायला पाच मिनिटं लागतात, निवायला वीस. निवतो तेव्हा पुढचा थांबा आलेला असतो.

तुमची पाळी रामटेकला घ्या. गडावर जाताना प्रसाद पातळ पिशवीत, हातात लोंबता ठेवा; माकडांना शोधाशोध करावी लागत नाही. कालिदासाच्या ‘मेघदूता’तल्या यक्षाला रामगिरीवर, म्हणजे इथेच म्हणतात, वर्षभराची शिक्षा होती. त्यातले चार महिने उरले असताना त्याने ढगाला गाठून निरोप सांगितला. गाईड हे सांगतो तेव्हा आकाशाकडे बघू नका, मेमध्ये तिथे काही नसतं.

आता खिडकी. रामटेक शहरापासून साधारण ५० किलोमीटर, ईशान्येला. सकाळी जाताना ऊन उजवीकडून येतं. संध्याकाळी बस नैऋत्येकडे तोंड करून परतते आणि सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा उजवीकडेच. डावीकडचे दोन्ही वेळा सावलीत घोरतात. पडद्यावर विसंबू नका, त्याच्या निम्म्या कड्या निघालेल्या असतात.

परतीच्या वाटेवर, कामठीच्या आसपास, गाईड माईक हातात घेतो. “उद्या सेवाग्राम, ७५ किलोमीटर, सकाळी सहाला. कोण कोण येते? हात वर करा.” सगळी बस झोपलेली. उजवीकडच्या खिडकीत तुम्ही एकटे जागे, ऊन अडवायला हात कपाळावर धरलेला.

तो वहीत नाव लिहून घेतो.