डाग गिअरबॉक्सखाली, गळती टॅपेट कव्हरला

जुन्या गाडीखाली तेलाचा डाग दिसू लागला की आपल्याकडे दोन ठरलेले सल्ले मिळतात. ‘जुनी गाडी आहे, थोडेफार तेल गळायचेच, अधूनमधून टॉप-अप करत राहा’ हा एक, आणि ‘इंजिन उतरवावे लागेल’ हा दुसरा. मला हे दोन्ही सल्ले मान्य नाहीत. इंजिन ऑइलची चिवट गळती वर्षानुवर्षे टिकून राहते ती बहुतेक वेळा उगम न शोधताच पार्ट बदलले जातात म्हणून, आणि तो उगम शोधण्याचे काम कोणत्याही गाडीमालकाला स्वतःच्या पार्किंगमध्ये, साध्या साहित्यानिशी करता येते, असे माझे ठाम मत झाले आहे.

सासऱ्यांनी २००७ साली घेतलेली पेट्रोल वॅगन आर आमच्याकडे अजूनही वापरात आहे. नेरुळहून वाशी, बेलापूर, क्वचित ठाणे, एवढाच तिचा फेरा. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर २०२२ मध्ये तपासणी करून घेऊन तिची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवली. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून मोटारींच्या या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले होते, आणि पर्यावरण कर वेगळा. एवढे करून जी गाडी आपण रस्त्यावर ठेवतो, तिने वाटभर तेल सांडत जाऊ नये, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

आमच्या गाडीचे थेंब पडत होते ते इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्या सांध्याच्या खाली. एका गॅरेजने ऑइल चेंबरचे, म्हणजे इंजिनच्या तळाशी तेल साठते त्या भांड्याचे, पॅकिंग बदलून दिले. पावसाळा संपेपर्यंत डाग पुन्हा होता तिथेच. दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढवली, खालून टॉर्च मारला आणि लगेच निदान झाले, ‘मॅडम, मागचा क्रँक सील गेलाय, गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल.’ हे निदान अशक्य कोटीतले नव्हते, कारण क्रँकशाफ्टचा, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचा, मागचा सील खरोखरच त्या सांध्याच्या आत असतो आणि तो फाटला तर तेल नेमके तिथूनच टपकते. पण त्या वेळी इंजिनची अख्खी मागची बाजू तेल आणि धूळ यांच्या काळ्या थराने माखलेली होती, आणि अशा इंजिनवर निव्वळ नजर टाकून गळतीचा उगम सांगणे कोणालाही शक्य नाही. हजारो रुपयांच्या मजुरीचे काम सांगण्याआधी तो थर पुसून पाहण्याचे कष्ट घेतले गेले नाहीत, याचे मला आजही वाईट वाटते.

तेल खाली वाहते हे सर्वांना ठाऊक असते, पण धावत्या गाडीत ते मागेही ढकलले जाते, हे लक्षात घेतले जात नाही. बोनेटखालून जाणारा वारा तेलाचा ओघळ मागच्या बाजूला पसरवत नेतो, मग तो ओघळ ब्लॉकच्या कडांवरून, बोल्टच्या डोक्यांवरून, वायरिंगच्या नळीवरून वाट काढत सर्वांत खालच्या टोकाला पोहोचतो आणि तिथून थेंब पडतो. म्हणून जमिनीवरचा डाग पाहून पार्ट ठरवणे चुकीचे आहे. इंजिनवर तेलाने ओली झालेली सर्वांत उंच आणि सर्वांत पुढची जागा कोणती, हा खरा प्रश्न असतो. ती शोधायची तर आधी इंजिन स्वच्छ असायला हवे.

स्वच्छता करायची ती थंड इंजिनवर. अल्टरनेटर आणि वायरिंगच्या जोडांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून घ्याव्यात, तेलाचा थर सोडवणारे डिग्रीसर मारून जुन्या टूथब्रशने घासावे आणि चिंधीने पुसून घ्यावे. पेट्रोलने इंजिन पुसण्याची काही जणांना सवय असते, ती धोकादायक आहे. पेट्रोलची वाफ पेटायला एक ठिणगी पुरते. पृष्ठभाग पूर्ण कोरडा झाला की संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर फुंकावी, गाडी थोडी फिरवून आणावी आणि बोनेट उघडून शांतपणे पाहावे. तेल जिथून झिरपते तिथे पांढऱ्या पावडरीवर गडद रेघ उमटते. बाजारात तेलात मिसळण्याचा चमकणारा रंग आणि तो दाखवणारा अतिनील टॉर्चही मिळतो, आणि गळती अगदी बारीक असेल तेव्हा तो फार उपयोगी पडतो. आमच्या कामाला पावडर पुरली.

ती रेघ उमटली टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्याखाली, गिअरबॉक्सच्या बाजूला. तिथून ती सिलिंडर हेडच्या, म्हणजे हे झाकण ज्यावर बसते त्या भागाच्या, कडेने खाली उतरत बरोबर त्या सांध्यापर्यंत गेली होती. क्रँक सीलच्या आसपासचा भाग, खालून पाहिला तर, वरून आलेल्या या ओघळाखेरीज कोरडा होता. कव्हर काढल्यावर पॅकिंगची अवस्था दिसली. मूळचे लवचिक रबर उष्णतेने इतके कडक झाले होते की बोटांनी वाकवताच कट्‌कन मोडले, आणि हेडला टेकणारी त्याची गोलसर कड दाबून दाबून पूर्ण चपटी झाली होती. अशा पॅकिंगचे बोल्ट कितीही आवळले तरी तेल थांबत नाही, उलट कव्हर वाकण्याचा धोका वाढतो.

तरीही नुसते पॅकिंग बदलून मी थांबले नाही, आणि मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे ते इथेच. नवे पॅकिंग टाकूनही गळती पुन्हा सुरू होत असेल, किंवा आज या सांध्यातून आणि उद्या त्या सांध्यातून तेल येत असेल, तर आधी इंजिनच्या आतला दाब तपासा. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी सिलिंडरमधला थोडा वायू त्यांच्या कडेने निसटून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या पोकळीत, येतोच. त्याला बाहेर पडण्याची वाट म्हणून ब्रीदर पाइप आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाची छोटी झडप दिलेली असते. त्यांच्यामार्फत हा वायू इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनला हवा पुरवणाऱ्या नळ्यांत, ओढला जातो आणि पुन्हा जळतो. जुन्या गाडीत, विशेषतः जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या आणि तेल पूर्ण तापण्याआधीच बंद होणाऱ्या गाडीत, हा व्हॉल्व्ह चिकट गाळाने अडकतो. कुकरची शिट्टी अडली की वाफ जशी रिंगमधून फुसफुसते, तसा हा कोंडलेला वायू मग सर्वांत दुबळ्या सीलमधून तेलासह बाहेर पडतो. तुम्ही तो सील बदलला की त्यानंतरचा दुबळा सील गळू लागतो, आणि मालकाची समजूत होते की गाडी आता संपली.

ही तपासणी करायला फारसे काही लागत नाही. इंजिन आयडलवर चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण काढावे आणि त्या तोंडावर प्लास्टिकचा पातळ तुकडा अलगद धरावा. सैल बाही आणि ओढणी फिरत्या पट्ट्यांपासून दूर ठेवावी, आणि हात तिथे रेंगाळू देऊ नये. तुकडा हलकेच आत ओढला गेला तर यंत्रणा ठीक आहे. तो फडफडत वर उचलला जात असेल तर आत दाब साचतो आहे. डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी पाहायची पट्टी, आपोआप वर सरकलेली आढळणे आणि एअर फिल्टरच्या डब्यात तेल दिसणे, ही त्याचीच लक्षणे आहेत. आमच्या गाडीचा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवला तर आवाजच आला नाही. चांगला व्हॉल्व्ह हलवल्यावर आत खुळखुळतो. याच्या आतला भाग तपकिरी थराने जागीच चिकटला होता. हा पार्ट काही शे रुपयांत मिळतो आणि बदलायला चहा होईपर्यंतचा वेळ लागतो, तरी गळतीची तक्रार घेऊन गेल्यावर तो तपासून पाहणारे गॅरेज मला अजून भेटायचे आहे. व्हॉल्व्ह आणि ब्रीदर पाइप दोन्ही मोकळे असूनही दाब कमी होत नसेल, तर मात्र रिंगा किंवा सिलिंडर झिजलेले असू शकतात, आणि मग कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासून घेणे भाग आहे.

पॅकिंग बसवण्याच्या कामात घाई नडते. हेडची आणि कव्हरची कड जुन्या सिलिकॉनचा कण न कण काढून स्वच्छ करावी लागते, आणि त्यासाठी लोखंडी पटाशी न वापरता प्लास्टिकची वापरावी, कारण ॲल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडा पुढच्या गळतीला पुरतो. सिलिकॉन, म्हणजे सांधा भरायची लुकणी, सर्वत्र फासायचे नसते. दोन भागांचे सांधे किंवा अर्धगोल जागा जिथे येतात, तिथल्या कोपऱ्यांत, कंपनीने सांगितले असेल तेवढेच, वाटाण्याहून लहान थेंबाने लावायचे असते. जास्तीचे सिलिकॉन आतल्या बाजूला निघते, तुटून चेंबरमध्ये पडते आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकते. म्हणजे गळती थांबवायला गेलो आणि इंजिनचा तेलपुरवठाच तोडला, अशी गत होते. बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, आलटूनपालटून, थोडे थोडे आवळायचे. अनेक छोट्या गाड्यांत या बोल्टचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, १० न्यूटन-मीटरच्या आसपासच असतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा आणि टॉर्क रेंच वापरावा. मनगटाच्या अंदाजाने ‘अजून थोडा’ म्हणत आवळणे हेच पुष्कळ कव्हरे वाकण्याचे कारण आहे.

उगम वेगळा निघाला तर काम याहून सोपेही असू शकते. ऑइल प्रेशर स्विचच्या वायरीचा जोड आतून तेलकट असेल तर तो स्विच गळतो आहे. ड्रेन बोल्टखाली थेंब असेल तर प्रत्येक ऑइल चेंजला नवा वॉशर टाकला गेला का, हे विचारावे. काही इंजिनांत कॅमशाफ्टच्या टोकाला सेन्सरचे किंवा डिस्ट्रिब्युटरचे घर असते आणि त्याची छोटी ओ-रिंग, म्हणजे रबरी कडे, कडक झाली की तेल थेट गिअरबॉक्सवर उतरते. ही गळतीसुद्धा क्रँक सीलच्या नावावर सर्रास खपते.

तेलात ओतायची ‘लीक स्टॉप’ औषधे आणि मुद्दाम जाड तेल भरणे, हे दोन्ही उपाय मला पटत नाहीत. औषध कडक झालेल्या रबराला काही काळ फुगवते आणि मऊ करते, मोडलेल्या पॅकिंगचे ते काही करू शकत नाही. जाड तेलाने थेंब थोडे कमी होतात, पण थंड इंजिन सुरू करताना ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते. टॉप-अप करत राहण्याबद्दलही एक हिशेब मांडते. मिनिटाला एक थेंब गळतो असे धरले आणि २० थेंबांचा एक मिलिलिटर मानला, तर दिवसाला ७२ मिलिलिटर, म्हणजे पंधरवड्यात लिटरभर तेल जाते. डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो पेटतो तेव्हा दाब आधीच गेलेला असतो. त्याच्या भरवशावर राहणारा माणूस इंजिन गमावतो. त्यातच तेल तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर, पडत असेल तर जळका वास येतो आणि आगीची भीती असते, तेव्हा ती गाडी दुरुस्तीपर्यंत चालवूच नये.

डिकीतल्या जॅकवर गाडी उचलून तिच्याखाली कोणीही कधीही शिरू नये. तो जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. खाली जायचेच तर सपाट जमीन, चाकांना अडसर आणि दोन भक्कम जॅक स्टँड हवेत. हे नसेल तर वरून जेवढे होते तेवढेच करावे, आणि वरून बरेच काही होते.

सोसायट्यांच्या कमिट्यांनाही माझी विनंती आहे. ‘पार्किंगमध्ये कोणतीही दुरुस्ती करू नये’ असा सरसकट नियम करून गळणाऱ्या गाड्या थांबत नाहीत, त्या डाग पाडत उभ्या राहतात. खाली ट्रे आणि पुठ्ठा ठेवून, पाणी न वापरता, सुटीच्या सकाळी कोणी असे काम करत असेल तर त्याला करू द्यावे. वापरलेले तेल आणि तेलकट चिंध्या मात्र गटारात जाता कामा नयेत. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा आहे. आपल्या नवी मुंबईत तर पावसाळी नाल्यांचे पाणी सिडकोने बांधलेल्या धारण तलावांत जाते आणि ओहोटीला तिथून खाडीत सोडले जाते. त्याच ठाणे खाडीत २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. नेरुळच्या पाणथळीवर फ्लेमिंगो पाहायला आपण मुलांना घेऊन जातो. आपल्याच इमारतीच्या नाल्यातून तिकडे तेल जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. तेल घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

आणि सर्व काही पुसून, पावडर टाकून, व्हॉल्व्ह बदलून पाहिल्यावरही वरचा भाग कोरडा आणि सांधा ओला असेल, तर सील खरोखर गेला आहे आणि ते काम गॅरेजचेच आहे. मग गाडी देताना दोन गोष्टी आधी ठरवून घ्या. गिअरबॉक्स उतरल्यावर, सील काढण्याआधी, तुम्हाला बोलावून तो ओला भाग दाखवावा. आणि तेवढी मजुरी जातेच आहे तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग त्याच वेळी तपासून, गरज असेल तर बदलून घ्यावे, म्हणजे त्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागणार नाही.