शहागडच्या पुलावर गाडी थांबवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

बीडहून संभाजीनगरला निघालात, गेवराई मागं पडली आणि गंगा, म्हणजे आपली गोदावरी, दिसली, की आधी करकचून ब्रेक दाबावा. इंडिकेटर देऊ नये. मागच्याला अगोदरच कळलं तर त्यात मजा ती काय!

गाडी कडेला घेऊ नये. कठड्याला चिकटवली तर तुमच्या घरच्या मंडळींनी उतरायचं कुठून?

खिडकीतून रुपया टाकावा. पूर्वी तांब्याचं नाणं पडायचं, आता स्टीलचं पडतं. गंगामाई काही म्हणत नाही.

वर जायकवाडी धरणाचे, म्हणजे नाथसागराचे, दरवाजे उघडले असतील तर एकट्यानं येणं म्हणजे पाप. सगळा गोतावळा आणावा, लेकराला कठड्यावर बसवावं, पाठ पाण्याकडं. फोटो झकास येतो.

उसाच्या हंगामात तुम्हाला कष्टच नाहीत. डेक लावलेलं, दोन ट्रॉल्यांचं, बिनरिफ्लेक्टरचं ट्रॅक्टर पुढं असतंच.

आता मुख्य विधी, निर्माल्य. ते प्लास्टिकच्या पिशवीत भरून गच्च गाठ मारावी, म्हणजे फुलं आतल्या आत सडतील, पण सुटणार नाहीत. सोबत काचेसकट जुन्या तसबिरी आणि थर्माकोलचं मखर असावं. परवा आमच्या पुढच्या साहेबांनी हे सगळं आणलं होतं. भर लेनमध्ये डिकी उघडी, एकेक पिशवी कपाळाला लावून खाली सोडणं चाललेलं. मागं ॲम्ब्युलन्स बोंबलतेय. मी उतरून म्हणालो, "दादा, गाडी घ्या की पुढं, पेशंट आहे." तर म्हणाले, "दोन मिनिटं थांबा, देवाचं काम आहे." तेवढ्यात शेवटची पिशवी कठड्यावर फुटली. हार, उदबत्त्यांचे पुडे, सगळं डांबरावर. साहेबांनी ते चपलेनं ढकललं खाली. चपलेनं! आत्ता कपाळाला लावलेलं! देवाचं काम म्हणे.

अरे, कसला देव आणि कसलं काम? तुमच्या घरातला कचरा आहे तो, आणि तो टाकायला तुम्हाला फुकटची जागा पाहिजे. हेच पाणी खाली नांदेडजवळ विष्णुपुरीच्या धरणात अडतं, नांदेडकर तेच पितात. फुलं परसात पुरा, परस नसेल तर कुंडीत घाला. तसबिरीची काच काढायला हात झडतात का? आणि नदीला नमस्कारच करायचा तर पूल उतरला की शहागड आहे, तिथं गाडी लावा आणि चालत जा नदीवर. तेवढेही पाय उचलत नसतील तर गाडीतूनच हात जोडा. पण चालत्या गाडीतून. आणि मागून हॉर्न वाजला तर डोळे वटारू नका, गाडी काढा.