‘नाव नीट ठेवा, वर्णन कशाला?’ म्हणे

हिंजवडी-खराडीकडच्या आयटीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: एआय एजंटला (म्हणजे आपल्या वतीने कामं करणाऱ्या मॉडेलला) टूल, म्हणजे गरजेप्रमाणे वापरायचं एखादं फंक्शन, देताना त्याचं वर्णन लिहीत बसू नका, मॉडेल आता हुशार झालेत, टूलचं नाव नीट ठेवा, वर्णन पुणेरी पाटीसारखं एका ओळीत उरका, चुकलं तर एरर बघून ते आपलं आपण शिकतं, टोकनही (मजकुराचे तुकडे, ज्यांवर बिल लागतं) वाचतात. खाली तीन रॉकेटं. आमच्याकडे दोघांनी हे वाचून लगेच वर्णनं छाटायला घेतली, म्हणून लिहितोय.

हुशार आहे, मान्य. पण त्याला दिसतं काय? जून 2023 मध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंग (मॉडेलला टूल वापरू देण्याची सोय) आणलं, नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने एमसीपी (मॉडेलला बाहेरची टूल्स जोडण्याची सामायिक पद्धत) आणलं, दोन्हीकडे मॉडेलच्या हातात मुख्यतः तेच पडतं: नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा स्कीमा, म्हणजे कुठली माहिती कुठल्या प्रकारात द्यायची त्याचा आराखडा. आतला कोड त्याला दिसत नाही, तुमच्या टीमचे अलिखित नियम तर नाहीच नाही. आता ‘गेट ऑर्डर’, ‘फाइंड ऑर्डर’ आणि ‘ऑर्डर डिटेल्स’ अशी तीन टूल्स शेजारी-शेजारी असतील (असतातच, दर स्प्रिंटला कोणीतरी एक वाढवून जातं) तर टॉपर आणून बसवला तरी तो अंदाजच मारणार ना.

खरी गंमत ‘एरर बघून शिकतं’ मध्ये आहे. समजा सदाशिव पेठेतलं एक फराळाचं दुकान आहे, दिवाळीत परदेशी पार्सलं पाठवणारं. टूलचं नाव ‘कुरिअर रेट’, पॅरामीटर ‘वजन’, टाइप नंबर, वर्णन ‘कुरिअरचा दर देतो’, बस. गिऱ्हाईक विचारतं, चकली-चिवडा मिळून दोन किलो आहे, न्यू जर्सीला किती पडेल? मॉडेल 2 पाठवतं. आणि सिस्टीम वजन धरते ग्रॅममध्ये. आता सांगा एरर कुठून येणार? 2 हा चांगला धडधाकट नंबर आहे, दोन ग्रॅम चिवड्याला सगळ्यात खालच्या स्लॅबचा दर निघतो, मॉडेल तो गोड शब्दात सांगतं, गिऱ्हाईक खूश होऊन पैसे भरतं आणि फरक दुकानदाराच्या खिशातून. तारखेचंही तेच, 05/11 म्हणजे 5 नोव्हेंबर की 11 मे, दोन्ही चालतात, कोणी ओरडत नाही.

आणि समजा आली एरर, तर मॉडेल त्या संभाषणापुरतं सावरतं, पुढचं गिऱ्हाईक आलं की परत पाटी कोरी. शिवाय टूल ‘कॅन्सल ऑर्डर’ असेल तर करून बघून शिकण्याची फी कोण भरणार? आणखी एक, ‘400 बॅड रिक्वेस्ट’ (विनंती चुकली, एवढंच सांगणारी एरर) एवढ्यावरून कोणीच काही शिकत नाही, ‘वजन फार कमी वाटतंय, ग्रॅममध्ये पाठवा’ असं लिहिलंत तर शिकेल. म्हणजे लिहिणं काही टळलं नाहीच, फक्त जागा बदलली.

त्याच टूलचं वर्णन मी असं लिहीन: ‘भारताबाहेरच्या पार्सलचा अंदाजे दर रुपयांत देतो. वजन पॅकिंगसकट आणि ग्रॅममध्ये, दोन किलो म्हणजे 2000. भारतातल्या पत्त्यासाठी हे नाही, लोकल डिलिव्हरी हे टूल वापरा. रिकामी यादी आली तर त्या देशात सेवा नाही, दर शून्य आहे असा अर्थ नाही.’ चार वाक्यं. पॅरामीटरचं नावही ‘वजन_ग्रॅम’ करीन, नावाबद्दल मेसेजवाला बरोबरच बोलतोय, निम्मं काम तिथेच होतं.

पण पुणेरी पाटीचा दाखला ज्याने दिला त्याने पाटी वाचलेली दिसत नाही. ‘जोशी मागे राहतात, इथे बेल वाजवू नये.’ कुठे जायचं, इथे काय करायचं नाही, सगळं आलं की. ‘कुरिअरचा दर देतो’ ही पाटी नाही, नुसती बेल आहे.

टोकनचा मुद्दा अर्धा खरा आहे. टूलची व्याख्या साधारणपणे प्रत्येक कॉलबरोबर जाते, साठ टूल्स जोडलीत तर बिल वाढणार आणि मॉडेल गोंधळणार तो भाग वेगळाच. मग टूल्स कमी करा ना! उत्तरात चार फील्ड लागत असताना अख्खा जेसन (सर्व्हरकडून आलेला सगळा डेटा) ओतता, तो आवरा. वर्णनातली दोन वाक्यं उडवून काय वाचवणार? अँथ्रॉपिकच्या डॉक्समध्येच एका टूलला किमान तीन-चार वाक्यं लिहा असं सांगितलंय.

‘स्वॅगर (एपीआयची तयार माहितीपत्रकं) आहेच, तेच जोडा’ म्हणणाऱ्यांना एवढंच, ते लिहिलंय स्लॅकवर शेजारच्या टीमला पिंग करू शकणाऱ्या डेव्हलपरसाठी.

राहता राहिला ‘मॉडेल वर्णनाकडे बघतंच कुठे’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा. 2025 मध्ये सिक्युरिटीवाल्यांनी टूल पॉयझनिंग दाखवलं, त्यात टूलच्या वर्णनातच छुप्या सूचना घुसवलेल्या आणि एजंट त्या मुकाट्याने पाळत होता. बघत नसतं तर हे जमलं असतं का? याचीच दुसरी बाजू म्हणजे वर्णनात ‘विचारल्याशिवाय कॅन्सल करू नको’ लिहून निर्धास्त होऊ नका, ते कुलूप नाही. एमसीपीच्या स्पेकमध्ये ‘रीड ओन्ली’, ‘डिस्ट्रक्टिव्ह’ अशा खुणा आहेत, पण त्यांनाही तिथे हिंटच म्हटलंय, अनोळखी सर्व्हरच्या असतील तर विश्वास ठेवू नका असंही. कॅन्सल अडवायचं ते सर्व्हरवरच अडवा, आणि अडवलं जाईल, कोणाची परवानगी लागेल, हे वर्णनात लिहा, म्हणजे एजंट तेच बटण दहा वेळा दाबत बसणार नाही.